बाई, झाड कोणतं होतं?

मैत्रिणींनो, पावसाळा आला की आपण मुलांना काय काय सांगतो! उकळलेले पाणी पी, भिजू नको, डबक्यात खेळू नको, उघड्यावरची भेळ खाऊ नको. पण कुंपणाला लगडलेली फळे तोंडात घालू नको, हे आपण कधी आठवणीने सांगितले आहे का? मी तरी सांगितले नव्हते. घरी दोन मुले, शाळेत चाळीस. बोलून बोलून घसा बसतो. तरीही एवढे एक सांगायचे राहून गेले होते. एका मधल्या सुट्टीने ते मला शिकवले.

आमचे तालुक्याचे गाव. दुपारच्या शाळेत आठवड्यातून तीन दिवस मी मराठी शिकवते. शाळेच्या मागे ओढा आहे आणि त्या बाजूला तारेऐवजी झाडांचेच कुंपण आहे. ती झाडे मी पाच वर्षे पाहत होते. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून लावलेली कसली तरी झाडे, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख.

त्या दिवशी मधली सुट्टी संपून पाऊण तास झाला असेल. चौथीतला एक मुलगा बाकावरच ओकला. मला वाटले, डबा बाधला. तेवढ्यात दुसरा उठला, मग दोन मुली पोट धरून रडू लागल्या. "काय खाल्लंत रे?" मी ओरडलेच. सगळा वर्ग चिडीचूप. शेवटी एक मुलगी हुंदके देत म्हणाली, "बाई, शेंगदाण्यासारखं लागतं ते. काळ्या बिया फोडून खाल्ल्या." माझा आवाज आणखी चढला. "कोणी कोणी खाल्लं? हात वर करा!" चार हात वर झाले.

मी धावत जाऊन पेलाभर पाण्यात मूठभर मीठ कालवले. उलटी काढली की विष पडते, हे लहानपणापासून ऐकलेले. हेडसरांनी तोवर दवाखान्यात फोन लावून माझ्या हातात दिला होता. पलीकडून डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "बाई, झाड कोणतं होतं?"

माझी बोबडीच वळली. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. पानाफुलांच्या कविता तोंडपाठ. पण रोज डोळ्यांसमोर असलेल्या झाडाचे नाव मला येत नव्हते!

आमच्या शाळेतल्या शिपाईमावशी मात्र न बोलता कुंपणाकडे गेल्या होत्या. पदरात फळांसकट फांदी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मोगली एरंड हाय न्हवं का बाई! चंद्रज्योत म्हंत्यात. आमच्या लहानपनी काडीत ओवून दिव्यावानी जाळायचो ह्याच्या बिया." मी तेच नाव फोनवर सांगितले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मीठ-पाणी देऊ नका. मुद्दाम उलटी काढू नका. मुलांना आणि ती फांदी, दोन्ही घेऊन लगेच या."

चारही मुले रात्रीपर्यंत सावरली. मी घरी येऊन जरा टेकले, तोच साडेआठला दार वाजले. त्याच वर्गातल्या एका मुलाची आई दारात उभी होती. "बाई, आमच्या पोराला सहा जुलाब झाले, उलट्या थांबत नाहीत. आता विचारलं तेव्हा सांगतोय की त्यानंही खाल्लं होतं." मुलगा वडिलांच्या खांद्यावर मान टाकून होता. डोळे खोल गेले होते. त्याला तसेच दवाखान्यात नेले. दोन दिवस सलाईनवर ठेवावे लागले तेव्हा कुठे तो उठून बसला. "अरे, शाळेत हात का नाही वर केलास?" मी विचारले. तो खाली बघत म्हणाला, "बाई, तुम्ही ओरडत होतात."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. झाडाचे नाव माहीत नसणे ही माझी पहिली चूक आणि ओरडणे ही दुसरी. दुसरी जास्त महाग पडली असती.

पुढच्या सुट्टीत मी मावशींना घेऊन गावाभोवती फिरले, पुस्तके चाळली, डॉक्टरीणबाईंना भंडावून सोडले. त्यातून जे कळले ते तुमच्यापुढे ठेवते.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज, विष कडूच असते. चंद्रज्योतीचे बी चवीला चांगले लागते, म्हणून तर मुले एकावर थांबत नाहीत! दुसरा, पाखरे खातात ते आपल्याला चालते. पाखरांचे पोट वेगळे, आपले वेगळे. आणि तिसरा आपल्या घराघरांतला: देवाला वाहतात, औषधात घालतात, मग ते वाईट कसे असेल? तर ऐका. रुई, थोर, धोतरा, कळलावी, कण्हेर आणि गुंज यांना आयुर्वेदानेच 'उपविष' म्हटले आहे आणि अफूच्या पंगतीला बसवले आहे. वैद्य ती औषधात वापरतात, पण शुद्ध करून आणि मोजूनमापून. परसातले पान तोडून काढा करणे म्हणजे वैद्यकी नव्हे.

कुंपणावरची मंडळी

चंद्रज्योत, म्हणजेच मोगली एरंड किंवा रतनजोत, पुरुषभर उंचीचे किंवा त्याहून थोडे मोठे झाड. पाने तळहाताएवढी, तीन ते पाच बोथट कोपऱ्यांची. फळ सुपारीहून मोठे, आधी हिरवे, मग पिवळे आणि वाळले की काळपट. आत बहुधा तीन काळ्या बिया आणि त्यांत पांढरा गर. तेलातून डिझेल बनवता येईल म्हणून २००३ च्या सुमारास सरकारनेही या झाडाच्या लागवडीला उत्तेजन दिले, त्यामुळे ते पडीक जमिनीवर आणि बांधांवर आणखी पसरले. बी खाल्ले की घशात जळजळ, पोटात मुरडा, उलट्या आणि जुलाब होतात. शरीरातले पाणी झपाट्याने जाते आणि लहान मुलाला मोठा धोका तिथेच असतो.

याचा थोरला भाऊ म्हणजे आपला एरंड. हाताच्या पंजासारखी मोठी पाने, काटेरी बोंडे आणि ठिपक्याठिपक्यांच्या चकचकीत बिया. आजी आपल्याला एरंडेल पाजायची, मग बी विषारी कसे? कारण तेल काढताना विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. बी अख्खे गिळले गेले तर कदाचित तसेच बाहेर पडेल, पण चावून खाल्ले तर जिवावर बेतू शकते. त्रास कित्येकदा काही तासांनी सुरू होतो. म्हणून "खेळतोय की छान" असे म्हणून स्वस्थ बसू नका.

शेर हे काड्याकाड्यांचे, जवळजवळ बिनपानांचे कुंपण. काडी मोडली की दूध येते. ते डोळ्यांत गेले तर आग आग होते. कुंपण छाटताना गड्याला चष्मा आणि लांब बाह्यांचा सदरा घालायला सांगा.

देवघरातली पत्री

गणपतीच्या एकवीस पत्री आपण हौसेने आणतो. त्या यादीत धोतरा, कण्हेर आणि रुई आहेत, हे तुमच्या ध्यानात आले होते का? माझ्या नव्हते. पूजा अवश्य करावी, पण पत्रीचे ताट रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नये, पत्री निवडून झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मगच मोदकाच्या पिठाला लागावे. निर्माल्य गाईच्या किंवा शेळीच्या पुढ्यात टाकू नये.

धोतऱ्याचे फूल लांबट, कर्ण्यासारखे, पांढरे किंवा जांभळट. फळ गोल आणि काटेरी. बिया दिसायला थेट मिरचीच्या बियांसारख्या! धोतरा पोटात गेला की तोंडाला कोरड पडते, चेहरा लाल होतो, अंग तापते, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते आणि माणूस बरळू लागतो, हवेतल्या वस्तू पकडू पाहतो. अशा वेळी "बाहेरचं झालंय" म्हणून अंगारे-धुपारे करण्यात वेळ दवडू नका. कोवळ्या धोतऱ्याची पाने पालेभाजीत जाऊन घरच्या घरी विषबाधा झाल्याच्या घटनाही घडल्या आहेत. माठाची जुडी निवडताना वेगळे पान दिसले तर ते बाजूला काढा.

कण्हेर तर दारोदारी. गुलाबी, लाल, पांढरी फुले आणि लांब अरुंद पाने. मुळापासून फुलापर्यंत सारे झाड विषारी आणि विष जाते ते हृदयावर. तिची काडी दात कोरायला घेऊ नये, लाकूड चुलीत किंवा शेकोटीत घालू नये. २०२४ च्या मे महिन्यात केरळमधल्या त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी आपल्या मंदिरांत नैवेद्य-प्रसादासाठी कण्हेरीची फुले वापरणे बंद केले. कण्हेरीची पाने चघळल्याने एका तरुणीचा मृत्यू झाल्याचा संशय होता, त्यानंतरचा हा निर्णय. आपणही फुले देवाच्या मस्तकी वाहावीत, प्रसादाच्या वाटीत ठेवू नयेत. पिवळ्या घंटेसारख्या फुलांची ती बिट्टी. तिच्या फळांनी मुले हमखास खेळतात. तिचे बी कण्हेरीइतकेच घातक आहे. खेळायला बिट्ट्यांऐवजी चिंचोके द्या.

रुईची पाने शनिवारी मारुतीच्या माळेसाठी आपण तोडतो. देठातून दूध येते. ते बोटाला लागते आणि बोट नकळत डोळ्याला लागते. रुईचा कावा असा की पुष्कळदा डोळा फारसा दुखत नाही, नुसते धूसर दिसू लागते. दुखत नाही म्हणून आपण थांबतो आणि इजा वाढते. माळ करणाऱ्या आजी-आजोबांना हे जरूर सांगा.

गुंज आणि कळलावी

गुंज किती देखणी! लालभडक मणी आणि त्यावर काळा ठिपका. एके काळी सोनार हिच्यावरच सोने तोलत. वेलीचा पाला गोडसर म्हणून विड्यातही घालतात. पण बी अत्यंत विषारी. कवच टणक असल्यामुळे अख्खे बी पुष्कळदा तसेच निघून जाते, मात्र चावलेले किंवा भोक पाडलेले बी फार घातक. जत्रेतून आणलेल्या माळेतले मणी गुंजेचे तर नाहीत ना, हे बघून मगच ती लेकीच्या गळ्यात घाला.

कळलावी पावसाळ्यात कुंपणावर चढते. पानाच्या टोकाला पीळ, फूल उलट्या ज्वाळेसारखे लाल-पिवळे. संस्कृतात नावच अग्निशिखा. हिचा कंद फार विषारी असतो आणि रानातला खाण्याचा कंद समजून तो खाल्ला गेल्याची उदाहरणे आहेत. पूर्वी बाळंतपणात कळा याव्यात म्हणून तिचे मूळ वापरीत, तेच तिच्या नावात उरले. मैत्रिणींनो, आजही कोणी गर्भारपणात असले "झाडपाल्याचं" काही हातावर ठेवले, तर मोठ्या बाईंचा मान राखा, पण ते पोटात घालू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

नुसत्या स्पर्शानेही

खाजकुइलीच्या शेंगेवर मखमलीसारखी तपकिरी लव असते. ती अंगाला लागली की खाज थांबता थांबत नाही. चोळू मात्र नका, चोळले की लव आणखी पसरते. चिकटपट्टी लावून हलकेच उपटून काढावी, मग साबण-पाण्याने अंग धुवावे आणि कपडे वेगळे धुवावेत.

गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, ते पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आले आणि नंतर देशभर पसरले. त्याने कातडीला चट्टे उठतात, दमेकऱ्यांचा दमा वाढतो. फुलावर येण्यापूर्वी, पावसाने माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे.

मग रानभाज्या खायच्या नाहीत का?

खायच्या तर! टाकळा, कुरडू, कवळा, भारंगी, फोडशी यांशिवाय पावसाळा कसला? पण त्या ओळखणाऱ्या हातातून घ्याव्यात. बाजारात टोपली घेऊन बसलेल्या मावशींनी ती विद्या आईकडून घेतलेली असते. भाव करताना दोन प्रश्न विचारा: "मावशी, हिचं काय काय टाकायचं?" आणि "कशात शिजवायची?" जूनमध्ये ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत शेवळे येतात, त्यांच्यासोबत काकडाची आंबट फळेही येतात. ती काही शोभेला नसतात! शेवळात आणि अळवात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात. म्हणून तर आंबट घालायचे आणि मऊ शिजवायचे. शिजवण्याची ही रीत शेवळाबरोबरच घरी आणायची असते.

आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणींनी "आमच्याकडे कुठे रान?" असे म्हणू नये. हॉलच्या कोपऱ्यात हिरव्या पानांवर पांढरे ठिपके असलेला डिफेनबेकिया असतो ना, त्यातही तेच स्फटिक असतात. पान चावले तर जीभ सुजते, बोलता येत नाही. कुंडी बाळाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

स्वयंपाकघरातही एक डोळा उघडा हवा. पिवळा धोतरा हे शेतातले काटेरी तण. त्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात, मात्र मोहरी गुळगुळीत असते आणि या खडबडीत. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. सुटे तेल स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका.

आणि झालेच तर?

हे कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा:

१. ओरडू नका. "मी रागावणार नाही, खरं सांग" असे आधी म्हणा. बरोबर कोण कोण होते, तेही विचारा आणि त्या मुलांच्या घरी कळवा.

२. तोंडातले तुकडे बोटाने हलकेच काढा, मूल शुद्धीवर असेल तर चूळ भरायला लावा. हात धुवा.

३. उलटी काढू नका. मीठ-पाणी, लिंबू, ताक, तूप, काही पाजू नका. ओकारी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि जास्त मीठ स्वतःच मुलाला घातक ठरते.

४. मूल गुंगीत असेल तर कुशीवर निजवा, तोंडात पाणीसुद्धा घालू नका.

५. डोळ्यांत चीक गेला तर स्वच्छ साध्या पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा. दुखो वा न दुखो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

६. काय खाल्ले, किती खाल्ले, किती वाजता, हे कागदावर लिहा. फांदी, फळ, उरलेल्या बिया पिशवीत घालून बरोबर न्या. हात न लावता आधी मोबाईलवर फोटो काढलात तरी उत्तम.

७. त्रास दिसत नसला तरी दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना सल्ला लागला तर दिल्लीच्या 'एम्स'मध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, ते चोवीस तास उत्तर देते.

शाळेतल्या त्या प्रसंगानंतर कुंपण तोडून टाकावे, असे पालकसभेत ठरत होते. ओढ्याकडचे कुंपण तोडलेही. पण गावातली सगळी कण्हेर, सगळा एरंड कोण आणि किती तोडणार? म्हणून दर वर्षी जून संपता संपता आम्ही चौथीचा एक तास वर्गाबाहेर घेतो. पुढे शिपाईमावशी, मागे मुले आणि सर्वांत शेवटी वही घेऊन मी. मावशी झाड दाखवतात, मुले नाव घेतात, मग मी विचारते, "हात लावला तर चालेल? तोंडात घातलं तर?" मुले एका सुरात उत्तरे देतात. त्या तासाला गुरू मावशी असतात आणि विद्यार्थिनी मी, हे मुलांना फार आवडते.

सलाईनवर असलेला तो मुलगा आता सातवीत आहे. परवा तो वाटेत धावत आला. हातात एक फांदी, अंगापासून लांब धरलेली. "बाई, आमच्या गोठ्यामागं हे उगवलंय. काकू म्हणते भाजीचं आहे, मी म्हटलं आधी मावशींना दाखवतो." ती कोवळी धोतऱ्याची फांदी होती.

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी एवढे करा. घरातल्या आजीला किंवा कामवाल्या मावशींना पुढे घाला, मुलांची बोटे धरा आणि घराभोवती दहा मिनिटे फिरून या. पाच झाडांची नावे विचारून घ्या आणि मुलांकडून म्हणवून घ्या. आणि घरी येताना त्यांना सांगा, "काही चुकून खाल्लंस तर मला आधी सांग, मी ओरडणार नाही." मग मात्र खरेच ओरडू नका हं!